दाबोळीच्या धावपट्टीची साक्ष

दरवर्षी 19 डिसेंबरला मुक्तिदिनाची भाषणे होतात. पण मुक्तीच्या लढाईत ज्या ठिकाणी पहिले बॉम्ब पडले, त्यांपैकी एक असलेल्या दाबोळीच्या पठाराचा उल्लेख त्यांत ओझरताच येतो. ही उपेक्षा आम्हांस खटकते.

हा विमानतळ प्रवाशांच्या सोयीसाठी जन्मास आला नव्हता. 1955 च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा ती हवेतून फोडण्यासाठी पोर्तुगीजांनी मुरगावच्या या खडकाळ माळावर धावपट्टी बांधली आणि कराचीकडे विमाने सुरू केली. गोवा भारतापासून वेगळा ठेवण्याचे ते साधन होते.

18 डिसेंबर 1961 च्या सकाळी पुण्याहून आलेल्या 12 कॅनबेरा विमानांनी या धावपट्टीवर काही मिनिटांत 63 हजार पौंड बॉम्ब टाकले. त्याच दिवशी बेळगावनजीकच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. दाबोळीवरील हल्ल्यात लक्ष्य होते ते धावपट्टीचे. प्रवासी इमारतीस धक्का लागू नये, अशी वैमानिकांना ताकीद होती. आपल्याच होऊ घातलेल्या भूमीवर बॉम्ब टाकताना पाळलेला हा संयम आम्हांस त्या विजयाइतकाच मोलाचा वाटतो. त्या रात्री धावपट्टीची घाईने डागडुजी करून दोन पोर्तुगीज विमाने कराचीला निसटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. 1962 च्या एप्रिलमध्ये तळ नौदलाच्या ताब्यात गेला.

एवढा इतिहास लष्करी ग्रंथांत सापडतो. गावाचा इतिहास मात्र तेथे सापडणार नाही. धावपट्टीखाली कोणाची कुळागरे, कोणाची गुरचरणे गेली? त्या सकाळी चिखली-दाबोळीच्या घरांतून काय ऐकू आले? पोरांना घेऊन माणसे कोठे आसऱ्याला गेली? ज्यांना हे सांगता येईल, ती त्या वेळची दहा वर्षांची मुले आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्यासाठी आणखी एका समारंभाची वाट पाहणे परवडणारे नाही.

2023 पासून मोपाही सुरू झाल्याने दाबोळीच्या भवितव्याची चर्चा आता हिशेबाच्या भाषेत चालते. ती खुशाल चालावी. परंतु त्याआधी पुराभिलेख खात्याने, विद्यापीठाने आणि ग्रामपंचायतींनी मिळून या वृद्धांच्या आठवणी व भूसंपादनाची दप्तरे एकत्र करावीत. धावपट्टीवरचे खड्डे एका रात्रीत बुजवता आले. स्मृतीतले खड्डे मात्र, साक्षीदार गेल्यावर, कोणालाच बुजवता येणार नाहीत.