‘ध’चा ‘मा’ आणि आपल्या जुन्या फायली

‘शोधा आणि बदला’ ही करामत मराठी माणसाला संगणकाने शिकवलेली नाही. ती त्याला १७७३ सालापासून ठाऊक आहे. राघोबादादांच्या पत्रातले ‘धरावे’ आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे इतिहासकार जाणोत. पण एका अक्षराची किंमत सांगायला याहून चांगले उदाहरण मला साऱ्या मास्तरकीत सापडले नाही.

गंमत म्हणजे त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १९७३-७४च्या सुमारास, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ली मॅकमॅहन यांनी नेमके हेच काम करणारे अवजार लिहिले. त्याचे नाव ‘सेड’. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टंकायची की फायलीतल्या प्रत्येक ओळीला तो नियम लागू होतो. लिनक्सवर ते फुकट मिळते.

सत्तरी ओलांडलेल्या, मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या माणसाला हे उद्योग कुणी सांगितले, असे म्हणाल. सांगतो.

१९९०नंतर गावोगावी डीटीपी केंद्रे निघाली. शाळांच्या स्मरणिका, यात्रांच्या पत्रिका, गावाचे इतिहास, पतसंस्थांचे अहवाल श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकले गेले. दिसायला मराठी, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच. कृतिदेवमध्ये ‘काका’ लिहायचे तर आत साठते ‘डी, के, डी, के’. वर फॉन्टचा मुखवटा आहे तोवर काका, मुखवटा गेला की नुसती अगम्य अक्षरे. अशा मजकुरात एखादे नाव शोधता येत नाही, तो दुसऱ्याला पाठवता येत नाही. सीडी शाबूत आणि मजकूर मुका!

युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही असो. म्हणून जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायला हव्यात, आणि तिथेच हे सेड कामाला येते. पण अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी अख्खे जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. रफाराचे उलटे. ‘वर्ग’मधला रफार जुन्या फायलीत ‘ग’च्या नंतर असतो, तो आधी आणावा लागतो. नियमांचा क्रमही सांभाळावा लागतो. आधी जोडाक्षरे, मग सुटी अक्षरे.

आता सांगा, हे काम संगणकाचे की व्याकरणाचे?

आंधळेपणाने नियम चालवला तर काय होते, तेही पाहा. सगळीकडे ‘ध’चा ‘मा’ करा अशी आज्ञा दिली तर ‘धन’चे ‘मान’ होईल, आणि आमच्या जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणाचे ‘येडगाव मारण’! यंत्राला त्यात काही वावगे वाटणार नाही. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखी वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आमच्या आळ्यात आहे. ती थोरवी वदवून घेणाऱ्याची, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. संगणकाबाबतही मी तेच म्हणेन.

युनिकोडमध्ये आल्यावरही सगळे संपत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन भागवलेले असते. दोन्ही दिसतात सारखे, पण एक शोधले तर दुसरे सापडत नाही. ‘सुऱ्या’मधला ‘ऱ्य’सुद्धा दोन तऱ्हांनी साठवलेला आढळतो. इथे सेडची एक ओळ शंभर फायली सारख्या करते.

हल्ली सांगतात, कृत्रिम बुद्धिमत्तेला फाइल द्या, क्षणात होईल. होईलही. पण माझा आक्षेप असा की ती मजकूर बदलता बदलता सुधारूही शकते. एखाद्या आजीच्या ओवीतल्या ‘येळ’ची ‘वेळ’ आणि ‘व्हतं’चे ‘होतं’ झाले, तर ते कळणार कुणाला? सेडचा नियम मूर्ख असेल, पण प्रामाणिक असतो. सांगितले तेवढेच करतो, आणि काय सांगितले ते कागदावर राहते. पुढे ‘डिफ’ नावाच्या अवजाराने आधीची आणि नंतरची फाइल ओळीला ओळ लावून ताडता येते.

तरीही शेवटी वाचायला माणूसच लागतो. मजकुरात मध्येच खरा इंग्रजी शब्द आला असेल, तर फॉन्टचा मुखवटा उतरल्यावर यंत्राला तो वेगळा ओळखता येत नाही. त्याचेही ते विचित्र मराठी करून ठेवते. हे वाचणाऱ्यालाच कळते.

एकनाथ महाराजांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या नकलांत शिरलेले चुकीचे पाठ दूर केले. ते काम त्यांनी लेखनिकांवर सोडले नाही. आपल्या स्मरणिका म्हणजे ज्ञानेश्वरी नव्हे, कबूल. पण गावातल्या कित्येक माणसांची नावे छापील रूपात तेवढीच उरली आहेत. म्हणून निवृत्त शिक्षकांना माझे सांगणे आहे की हे काम संगणकवाल्या पोरांवर ढकलू नका. आज्ञा त्यांच्याकडून शिका, पण नियम तुम्ही सांगा आणि तपासा तुम्ही. मूळ फाइल तशीच राहू द्या, काम नकलेवर करा, नियमांची यादी सोबत जपून ठेवा.

शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात आपली हयात गेली. आता या फायली तपासायच्या, एवढेच. बघा पटतंय का.