चाकांवरचा हवापालट

मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर पूर्वी एक औषध हमखास सांगत : हवापालट. क्षयाच्या रुग्णांसाठी पाचगणीला आणि मिरजेजवळ सॅनेटोरियमे उभी राहिली. देवळालीला गुजराती-कच्छी दानशूरांनी बांधलेल्या सॅनेटोरियमांत मुंबईची व्यापारी कुटुंबे धान्य, मसाल्याचे डबे आणि भांडीकुंडी घेऊन महिना-दोन महिने राहत. पेढी तेवढे दिवस मुनिमाच्या किंवा धाकट्या भावाच्या हाती असे. घर सुटले तरी चूल आपलीच राही, हा त्या व्यवस्थेचा खरा आधार होता.

आता मुले कॅराव्हॅन सुचवतात. बिछाना, ओटा, शीतकपाट आणि स्वच्छतागृह असलेली गाडी घ्यावी आणि आईवडिलांनी समुद्रकाठाने, वाटेल तिथे थांबत, प्रकृती सुधारेपर्यंत फिरत राहावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून या कल्पनेला सरकारी मान्यताही आहे. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गचे, त्यातही मालवण किनाऱ्याचे, नाव मग आपोआप पुढे येते. कल्पना वाईट नाही. मात्र तिच्या आकर्षक छायाचित्रांत एक व्यक्ती सहसा दिसत नाही, ती म्हणजे तिसरी.

अशा प्रवासाची दोन प्रसिद्ध उदाहरणे पाहावीत. गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातील डॉक्टर प्रकृती साथ देईना म्हणून निवृत्त झाले. १८८५ मध्ये त्यांनी ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची घरगाडी बांधवून घेतली आणि तीतून ते इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत गेले. हौसेच्या कॅराव्हॅन प्रवासाची सुरुवात तेथून मानतात. पण डॉक्टरांबरोबर गाडीवान होता आणि एक सेवकही होता. दुसरे उदाहरण अमेरिकेतील नॉर्मा बाउअरश्मिट यांचे. २०१५ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांना गर्भाशयाचा कर्करोग असल्याचे कळले. त्यांनी उपचार नाकारले आणि मुलगा व सून यांच्यासह फिरत्या घरातून देशभर प्रवास केला. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा प्रवास बरे होण्यासाठी नव्हताच. तरीही एका रुग्णामागे दोन धडधाकट माणसे होती.

आपल्याकडे जे सुचवले जाते त्यात पतिपत्नी दोघेच असतात, आणि त्यांतील एकजण नुकता रुग्णशय्येवरून उठलेला असतो. समजा, कोल्हापूरच्या धान्यबाजारातील एका गृहस्थांची बायपास झाली आहे. छातीचे हाड सांधण्यास साधारण दोन-तीन महिने लागतात, आणि पहिले काही आठवडे तरी गाडी चालवणे व वजन उचलणे वर्ज्य असते. मग घाट उतरून ती अवजड गाडी मालवणपर्यंत आणणार कोण? चाळीस वर्षे स्कूटरवर मागे बसलेल्या गृहिणीला साठाव्या वर्षी हे काम सांगता येत नाही. येथे चालक सोबत घेण्यात कमीपणा मानू नये. त्याची झोपण्याची सोय वेगळी करावी लागेल, हे मात्र भाडे ठरवण्यापूर्वीच विचारात घ्यावे.

आता उलट समजू. आजारी पत्नी आहे, केमोथेरपीचे शेवटचे आवर्तन आटोपले आहे. स्वयंपाकघर आपले, म्हणून कंदमूळ नाही, पाणी उकळलेले, जेवण सूर्यास्तापूर्वी. हॉटेलात ज्यासाठी रोज विनवणी करावी लागते ते सारे गाडीत सहज साधते. व्यापारी कुटुंबांना कॅराव्हॅन पटते ती बहुतेक याच कारणाने. परंतु ही चूल पेटवणार कोण? घरी सून असते, जाऊ असते, शेजारीण डबा पाठवते. गाडीत चार पावलांच्या ओट्याशी जी उभी राहील ती तीच स्त्री, जिला विश्रांती मिळावी म्हणून हा सारा खटाटोप केला. गृहस्थांना वरण-भात, मुगाची खिचडी आणि फुलके येत नसतील, तर हा हवापालट नसून बदली आहे. बँकेतल्या बदलीप्रमाणेच त्यात काम तेच राहते, गाव तेवढे नवे असते.

सुदैवाने कोकणचा शिधा सोपा आहे. तांदळाची घावणे, नारळाच्या रसातील शिरवाळे, लसूण न घातलेली सोलकढी, मार्चनंतर ओल्या काजूची उसळ. मालवण बाजार आणि देवबाग परिसरात मासळीचा वास असणारच. तो तेथील लोकांचा पिढीजात व्यवसाय आहे. केमोनंतर साध्या फोडणीच्या वासानेही मळमळते, म्हणून तक्रारीपेक्षा मुक्काम किनाऱ्यापासून आत, एखाद्या नारळी-पोफळीच्या वाडीत, मालकाच्या संमतीने ठेवावा. वाळूत तर गाडी उतरवूच नये. तीन टनांचे चाक रुतले की समुद्राचे सौंदर्य कोणी पाहत नाही.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब किलोमीटरचा नसून तासांचा आहे. केमोच्या मात्रेनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहणे धोक्याचे. तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. मालवणहून ओरोसचे शासकीय रुग्णालय तास-सव्वा तासावर आहे. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेले जातात, आणि मालवणहून तेथे जाण्यास सुमारे तीन तास धरावेत. वेंगुर्ला-शिरोडा बाजूला मुक्काम ठेवला तर हे अंतर बरेच कमी होते. उपचार चालू असलेल्यांनी तारकर्लीचा मोह सोडून वेंगुर्ला निवडावे, ते याच कारणासाठी.

विजेचेही गणित मांडावे. १०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट वीज साठते. तेवढ्यात औषधांचे छोटे शीतकपाट दिवसभर चालेल, वातानुकूलन मात्र तासभरच. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. म्हणून रात्रीच्या मुक्कामी विजेची जोडणी हवीच. पावसाळ्याचा तर विचारच नको. चातुर्मासात आपल्याकडे तसाही प्रवास आवरता घेतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पैशाविषयी थोडेच. गाडी विकत घेऊ नये, आधी भाड्याने घ्यावी. जुन्या टेम्पोत पलंग-ओटा बसवून घेण्याची कल्पना कोणी मांडली, तर परिवहन कार्यालयाच्या परवानगीविना केलेला बदल विमा दाव्याच्या वेळी अंगावर येऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. आरोग्य विम्यात रुग्णालयातून सुटल्यानंतरचाही काही दिवसांचा, बहुधा ६० ते ९० दिवसांचा, औषधखर्च मिळतो. तेव्हा मालवणच्या दुकानातून घेतलेल्या गोळ्यांचीही पावती डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जपावी. विमा कंपनीच्या रोकडरहित यादीत गोव्यातील कोणती रुग्णालये आहेत, हे निघण्यापूर्वी लिहून घ्यावे आणि रुग्णालयाच्या निरोपपत्राची एक प्रत गाडीत ठेवावी.

आणि निघण्यापूर्वी पंधरा दिवस एक प्रयोग घरीच करावा. वरच्या मजल्यावरील एका खोलीत दोघांनी राहावे, सुनेने वर येऊ नये, स्वयंपाक गृहस्थांनी करावा, औषधांच्या वेळा त्यांनीच सांभाळाव्यात. त्या पंधरा दिवसांत दुकानातून किती फोन आले आणि त्यांतील किती उचलले, तेही वहीत मांडून ठेवावे.