हिरव्या चहाची डबी

दिवाळी अंकात मधुमेहाची गोष्ट काढणे म्हणजे लग्नघरात औषधाच्या बाटल्या मांडण्यासारखे आहे, हे मला कळते. पण करंजीचे ताट पुढे आले की "खाऊ की नको?" असा पहिला प्रश्न पडणारी घरे आता आळीआळीत आहेत. त्यांतलेच एक आमचे. नऊ वर्षे मी या दुखण्याबरोबर संसार करतो आहे. तेव्हा अधिकार नसला तरी अनुभव आहे.

गेल्या वर्षी घटस्थापनेला भाच्याने एक डबी आणून दिली. "मामा, हिरव्या चहाचा अर्क आहे. रोज दोन कॅप्सूल घ्या. साखर उतरते, पोटही उतरतं."

सौभाग्यवतीने डबी उलटीसुलटी करून पाहिली. "हिरवा चहा तर आपल्या कुंडीत आहे की! त्याला पैसे कशाला मोजायचे?"

तिच्या डोळ्यांपुढे गवती चहा होता. मग मी मास्तरकीचा जुना सूर लावला. गवती चहा हे गवत. हा हिरवा चहा म्हणजे आपल्या रोजच्या चहाच्याच झुडपाची पाने. खुडलेली पाने चुरडून हवेवर काळी पडू दिली की आपला नेहमीचा चहा होतो. खुडल्यावर लगेच वाफ देऊन किंवा कढईत परतून वाळवली की ती हिरवीच राहतात. त्यांत कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये पुष्कळ. त्यांतल्या मुख्य द्रव्याचे नाव ईजीसीजी.

"नाव तर एखाद्या सरकारी खात्यासारखं आहे," ती म्हणाली आणि भाजणी भाजायला निघून गेली.

इथपर्यंत माझे बरोबर होते. पुढे चुकलो. डबीच्या भरवशावर मी रात्रीची गोळी बंद केली आणि कोणाला सांगितले नाही. रोज रात्री पाकिटातून गोळी काढायची, पाण्याचा घोट घ्यायचा आणि गोळी चष्म्याच्या घरात टाकायची. पुढे फराळ आला. कॅप्सूल घेतली आहे, मग एका लाडवाने काय होणार, असे म्हणत मी रोज एक लाडू खाल्ला.

तुळशीचे लग्न लागेपर्यंत घशाला कोरड पडू लागली. रात्री चार-चारदा उठणे सुरू झाले. रक्त तपासले, तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा ७.१ वरून ८.६ वर गेला होता.

आमचे डॉक्टर रागावत नाहीत, तीच शिक्षा. ते म्हणाले, "२०१३ साली सतरा प्रयोगांतल्या ११३३ लोकांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. उपाशीपोटीची साखर सरासरी दीड मिलिग्रॅमच्या आसपास उतरली. तीन महिन्यांचा आकडा ०.३ ने. २०११ साली तैवानमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लठ्ठ मधुमेह्यांना सोळा आठवडे रोज दीड ग्रॅम अर्क दिला होता. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांशी ताडून पाहिलं, तर सांगण्याजोगा फरक नाही. तुमची गोळी याहून किती तरी जास्त काम करत होती."

मग त्यांनी डबी मागितली. "अर्क ५०० मिलिग्रॅम लिहिलंय. त्यात ईजीसीजी किती?" ते कुठेच लिहिलेले नव्हते. "युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं, की अशा पुरवण्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी गेलं, तर काहींच्या यकृताला त्रास झाल्याची चिन्हं रक्तात दिसतात. २०२२ साली तिथे कायदा झाला : दिवसाची मात्रा ८०० च्या आत हवी, आणि उपाशीपोटी घेऊ नका असा इशारा डबीवर हवा."

मी रोज पहाटे उपाशीपोटीच घेत होतो. यकृताची तपासणी झाली. सुदैवाने ती ठीक आली.

घरी आलो तेव्हा चष्म्याचे घर टेबलावर उघडे पडले होते. सौ. एकेक गोळी मोजत होती. त्रेचाळीस भरल्या.

मला वाटले, आता तोफ डागली जाणार. ती एवढेच म्हणाली, "बाबांनीही असंच केलं होतं. कोणी तरी चूर्ण दिलं, म्हणून औषध सोडलं. पायाची जखम झाली, ती भरली नाही. शेवटी पाय गेला. आम्हांला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला असे बोलताना ऐकले नव्हते.

वाचकहो, हिरव्या चहाशी माझे वैर नाही. दुपारी एक पेला, साखरेवाचून, मी आजही घेतो. पेल्यातल्या चहाची गोष्ट वेगळी आणि दाट केलेल्या अर्काची वेगळी. तुमच्या घरीही अशी डबी आलीच, तर ती आधी डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांना विचारल्याशिवाय चालू गोळी सोडू नका. आणि सोडावीशी वाटली, तर निदान घरात एकाला सांगा.

यंदाच्या फराळात माझ्या वाटणीला एक करंजी आहे. गोळी आता सौ. स्वतः हातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. रिकाम्या डबीत तिने रांगोळीचा रंग भरला आहे. हिरवाच.