चिठ्ठीतलं डोपामाइन

मुलाचा मोबाइल सुटत नाही म्हणून दवाखान्यात आलेले पालक हल्ली विचारतात, "डॉक्टर, याचं डोपामाइन वाढलंय का?" हा शब्द घरोघरी पोचला आहे. 'डोपामाइन डिटॉक्स'चे सल्लेही त्याच मोबाइलवर रील्समधून मिळतात. यावर कुणी रक्ततपासणी मागितली, तर सरळ नाही म्हणावं. रक्तातलं डोपामाइन मेंदूत शिरत नाही. आयसीयूत रक्तदाबासाठी डोपामाइनची ड्रिप लावलेला रुग्ण काही खुशीत गाणी म्हणत नाही.

आमची तक्रार वेगळी आहे, आणि ती आपल्याच मंडळींबद्दल आहे. पेण-रोह्याकडचे फॅमिली डॉक्टर रोज स्वतःच्या हाताने रुग्णाच्या मेंदूतल्या डोपामाइनमध्ये ढवळाढवळ करतात, आणि तिची नोंद ठेवत नाहीत.

हमरापूर आणि जोहे ही गणपतीच्या कारखान्यांची गावं. आषाढ लागला की तिथे रात्री जागवल्या जातात. जेवणाचा पत्ता नसतो, चहा आणि तंबाखू मात्र अखंड. समजा, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा साठीचा कारागीर जळजळ, ढेकर, गॅस घेऊन तुमच्याकडे आला. तुम्ही रॅबेप्रॅझोल आणि लेव्होसल्पिराइड एकत्र असलेली कॅप्सूल लिहून दिली. आठ दिवसांत आराम पडला. त्याने चिठ्ठी जपून ठेवली आणि पुढे कित्येक महिने मेडिकलमधून तीच कॅप्सूल परस्पर घेतली. मग कुंचला थरथरू लागला, चेहरा कोरा झाला, पावलं आखूड पडू लागली. मुलाने पनवेलला नेलं. पार्किन्सनचं निदान झालं, लेव्होडोपा सुरू झालं. अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल चालूच राहिली, कारण तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्यालाही वाटलं नाही. एक औषध डोपामाइन पुरवतंय आणि दुसरं त्याचे रिसेप्टर अडवून बसलंय.

लेव्होसल्पिराइड हे डी-2 रिसेप्टर अडवणारं औषध आहे. जठराची हालचाल त्यामुळे सुधारते हे खरं, पण ते मेंदूतही पोचतं. उतारवयात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी आधीच घटलेल्या असतात, त्यामुळे थोडी आडकाठीही पुरते. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठीची प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन आणि अर्धशिशीसाठीची फ्लुनारिझिन ही याच कुळातली. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं सिनारिझिन घेणारी आजी कुणाच्या दवाखान्यात नाही? मेटोक्लोप्रामाइड पाच दिवसांहून जास्त देऊ नये, दिवसाला 30 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकांनी 2013 मध्येच सांगितलं. आपल्याकडे ते महिना-महिना चालतं.

औषधाने आलेला कंप बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो, पण त्यावर विसंबू नये. औषधांची पिशवी उलटी करून पाहावी. कारणीभूत गोळी थांबवली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेक रुग्ण सुधारतात. जे सुधारत नाहीत, त्यांच्यात मुळातला पार्किन्सन आधीच दडून बसलेला असू शकतो. ओठ चावल्यासारख्या, जीभ वळवळल्यासारख्या हालचाली सुरू झाल्या असतील, तर त्या गोळी सोडल्यावरही राहू शकतात. तरुणांत चित्र वेगळं दिसतं: उलटीचं इंजेक्शन घेतलेल्या मुलीची मान संध्याकाळी वाकडी होते, डोळे वर जातात, आणि घरचे तिला भगताकडे नेतात. प्रोमेथाझिनच्या एका इंजेक्शनने ती थोड्याच वेळात सरळ होते. वाडीवर तिच्या अंगात आल्याची चर्चा मात्र वर्षभर पुरते.

डोपामाइनचं शास्त्र ज्या वनस्पतींच्या आधाराने उभं राहिलं, त्या आपल्या कोकणच्या मातीला परक्या नाहीत. सर्पगंधा रक्तदाबावर उपयोगी पडते हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं. तिच्यातल्या रेसरपिनने ससे निपचित पडतात आणि एल-डोपा टोचलं की उठून बसतात, हे अरविद कार्लसन यांनी 1957 मध्ये स्वीडनमध्ये दाखवलं. डोपामाइन हा स्वतंत्र संदेशवाहक आहे हे त्यातून पुढे आलं आणि 2000 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता गंमत पाहा. तेच एल-डोपा 1937 मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुहिलीच्या बियांतून वेगळं केलं होतं. पावसाळ्यानंतर कुंपणावर चढणारी, शेंगेच्या केसांनी पोरांना रडवणारी हीच ती. तिच्या बीत साधारण चार ते सहा टक्के एल-डोपा असतं. वैद्य मित्रांना या कपिकच्छूचं महत्त्व सांगायला नको, पण एक विनंती आहे. ताकदीसाठी कवचबीजाचं चूर्ण देताना रुग्ण लेव्होडोपावर आहे का, हे विचारा. दोन्ही मिळून मात्रा वाढते, आणि मग अंग वेडंवाकडं हलू लागतं किंवा भास होतात.

मेंदूत डोपामाइनचा हालचालींचा मार्ग एक, ओढीचा दुसरा. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की शिकलेल्या माकडाच्या डोपामाइनच्या पेशी रस मिळताना उसळत नाहीत. रस मिळणार अशी खूण दिसताच उसळतात. आणि ठरल्या वेळी रस मिळाला नाही तर मंदावतात. व्यसन सोडलेला माणूस गुत्त्यासमोरून जाताना का घसरतो, हे इथे कळतं. त्याला निग्रहावर व्याख्यान देऊन उपयोग नाही. वाट बदलायला सांगा.

याच मार्गाला मशेरी लागते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात (2016-17) महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. आपल्या केसपेपरवर बायकांपुढे मात्र 'व्यसन: नाही' असंच लिहिलेलं असतं. "तंबाखू खाता का?" याला ती 'नाही' म्हणणारच, कारण मशेरी तिच्या लेखी तंबाखू नाही. "दात कशाने घासता आणि दिवसातून किती वेळा?" असं विचारा. चार वेळा दात घासणारी बाई दातांसाठी घासत नाही. ती गरोदर असेल तर हा प्रश्न हिमोग्लोबिनइतकाच महत्त्वाचा. निकोटिनचं च्युइंगगम देताना ते थोडं चावून गालात धरायला शिकवा. पानासारखं चघळलं की उचक्या लागतात आणि दुसऱ्या दिवशी ते फेकलं जातं. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या.

शेवटचा मुद्दा फारसा कुणी काढत नाही. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही पार्किन्सनची औषधं ओढीच्या मार्गालाही चेतवतात. अमेरिका-कॅनडातल्या 3,090 रुग्णांच्या 2010 च्या अभ्यासात अशी औषधं घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्क्यांत जुगार, बेसुमार खरेदी, खादाडी किंवा कामवासनेचा अतिरेक दिसला. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 6.9 टक्के होतं. धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका साठीनंतर मटक्याचे आकडे लावू लागले, तर घर त्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवतं. गोळीवर कुणी ठेवत नाही. पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आली, पण मटका बेकायदा असूनही चालतोच. ही औषधं एकदम तोडू नयेत. न्यूरोलॉजिस्टशी बोलून हळूहळू उतरवावीत. आणि सुरू करतानाच बायकोला किंवा मुलाला बाजूला घेऊन हे सांगून ठेवावं, कारण रुग्ण स्वतः सांगत नाही.

या महिन्यात साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाची औषधांची पिशवी उघडा आणि लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन दिसलं तर ते का चालू आहे हे स्वतःला विचारा. उत्तर सापडलं नाही तर थांबवा आणि महिन्याने रुग्णाला पुन्हा बोलवा. काय आढळलं ते रुग्णाचं नाव न देता आम्हाला कळवा; पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.