बडोद्याच्या पुराने दाखवले घरातल्या फर्निचरचे खरे मोल

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी सुमारे ३७ फुटांपर्यंत चढले. सयाजीगंज, फतेहगंज, कारेलीबाग, समा, अकोटा अशा बडोद्याच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरले आणि काही भागांत ते दिवसेंदिवस हटले नाही. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला फुगलेली कपाटे, पापुद्रे सुटलेले पलंग, चिखलाने भरलेल्या गाद्या आणि सोफे यांचे ढीग लागले. नदीचे पात्र, आजवा सरोवराचा विसर्ग, पात्रातील अतिक्रमणे यांवर त्यानंतर भरपूर चर्चा झाली आणि ती आवश्यकच होती. मात्र त्या ढिगांतून पुढे आलेला दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. मध्यमवर्गीय आणि कष्टकरी कुटुंबे पोटाला चिमटा घेऊन जो संसार उभा करतात, त्यातील इतक्या वस्तू एका भिजण्यात कायमच्या निकामी का होतात?

या प्रश्नाला आकड्यांचीही एक बाजू आहे. आपत्ती निवारणाच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार, घर वाहून गेलेल्या, पूर्ण पडलेल्या किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० रुपये आणि भांडीकुंडी व घरगुती सामानासाठी २,५०० रुपये मिळतात. या दुसऱ्या रकमेत आज बाजारातील साधे दोन दारांचे कपाटही येत नाही. म्हणजे सामान गेले तर ते पुन्हा घेण्याचा जवळपास सगळा भार कुटुंबावरच पडतो. अशा वेळी वस्तू मुळात किती टिकाऊ आहे, हा आवडीनिवडीचा विषय राहत नाही. तो कुटुंबाच्या आर्थिक सुरक्षिततेचा भाग बनतो.

पृष्ठभागाखाली दडलेले

गेल्या दोन-तीन दशकांत भारतीय घरांतील फर्निचरचे स्वरूप मुळापासून बदलले. सागवान महाग झाले, घरे लहान झाली, भाड्याच्या घरांतून वारंवार स्थलांतर होऊ लागले. त्या पोकळीत पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांनी जागा घेतली. लाकडाचे बारीक तुकडे चिकटद्रव्यात मिसळून, उष्णता आणि दाब देऊन पार्टिकल बोर्ड तयार होतो. एमडीएफमध्ये तुकड्यांऐवजी लाकडाचे तंतू असतात. दोहोंवर सागवानी किंवा अक्रोडी छटेचा चकचकीत थर चढवला की दुकानाच्या प्रकाशात खरे लाकूड आणि हे फळकूट यांतील फरक सामान्य ग्राहकाला कळत नाही.

या वस्तू सरसकट टाकाऊ आहेत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लाकडाच्या टाकाऊ भागाचा त्यांत उपयोग होतो, त्या हलक्या असतात, स्वस्त पडतात आणि कोरड्या खोलीत बरीच वर्षे काम देतात. मात्र त्यांपैकी बहुतेकांत वापरले जाणारे युरिया फॉर्मल्डिहाइड जातीचे चिकटद्रव्य ओलाव्यापुढे टिकत नाही. फळीच्या उघड्या कडेतून पाणी आत गेले की भुसा फुगतो, स्क्रूची पकड सुटते, बिजागरी निखळते आणि वाळल्यानंतरही फळी पूर्वस्थितीत येत नाही. प्लायवूडमध्येही जातीजातींत मोठा फरक आहे. भारतीय मानकांत सर्वसाधारण वापरासाठी आयएस ३०३ आणि सागरी प्लायवूडसाठी आयएस ७१० आहे. सागरी प्लायवूडची चिकट पकड ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासली जाते. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटाला यांपैकी कोणते प्लायवूड लागले आहे, हे वरून सनमायका चिकटवल्यावर मालकालाही ओळखता येत नाही.

अडचणीचे मूळ इथे आहे. किंमत, रंग आणि आकार ग्राहकाला दिसतात. आतील द्रव्य, चिकटद्रव्याची जात आणि सांध्यांची पद्धत फक्त विकणाऱ्याला ठाऊक असते. ज्या बाजारात गुण दिसत नाही आणि किंमत दिसते, तिथे चांगला माल बनवणारा मागे पडतो, कारण त्याच्या जास्त किमतीचे कारण ग्राहकाला पटवून देण्याचे साधनच त्याच्याकडे नसते.

संखेड्याचा धडा

बडोद्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर संखेडा गाव आहे. २०१३ मध्ये छोटा उदेपूर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते बडोदे जिल्ह्यातच होते. तिथल्या खरादी-सुतार कुटुंबांचे फर्निचर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. गुजरातीत लेथला ‘संघेडो’ म्हणतात आणि गावाचे नावही त्याच शब्दाशी जोडले जाते. सागाचे दांडे लेथवर गोल कातून, त्यांवर कथलाच्या रंगाने नक्षी काढून, फिरत्या लाकडावर लाखेचे थर चढवले जातात. केवड्याच्या पानाने आणि अकीकाच्या खड्याने त्याला झिलई येते. लाखेखाली रुपेरी नक्षी सोनेरी दिसू लागते. गुजराती घरांतला हिंडोळा आणि बडोद्याच्या मराठी घरांतली बंगई यांच्याशी या कामाचे जुने नाते आहे.

संखेड्याचे कौतुक नक्षीसाठी होते, पण या चर्चेत त्याच्या बांधणीला अधिक महत्त्व आहे. सागात नैसर्गिक तेल असल्याने वाळवी आणि ओलावा यांना ते दीर्घकाळ तोंड देते. एका दांड्याचे कातलेले टोक दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसवलेले असल्यामुळे एखादा भाग मोडला तर तेवढाच बदलता येतो. म्हणजे वस्तू दुरुस्त होऊ शकते आणि दुरुस्त करणारा माणूस तासाभराच्या अंतरावर असतो. टिकाऊपणाचे हे दोन्ही घटक कारखान्यातल्या स्वस्त कपाटात नसतात. त्याची फळी फुगली की बदलण्याजोगा सुटा भाग मिळत नाही आणि शहरातला सुतार त्या फळीला हात लावायला नाखूश असतो, कारण त्यात दुसऱ्यांदा स्क्रू धरत नाही.

मात्र प्रत्येक घराने संखेडा किंवा सागवान घ्यावे, हा सल्ला वास्तवाला धरून होणार नाही. त्याची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे आणि इथे विषमतेचा मुद्दा येतो. समजा, १२,००० रुपयांचे कपाट चार वर्षे टिकले, तर त्याचा वर्षाचा खर्च ३,००० रुपये पडतो. ४०,००० रुपयांचे कपाट २५ वर्षे टिकले, तर तोच खर्च १,६०० रुपये होतो. दीर्घकाळात महाग कपाट स्वस्त पडते, पण ४०,००० रुपये एकदम काढू शकणाऱ्यालाच ती स्वस्ताई मिळते. हातात १२,००० असलेला माणूस आयुष्यभरात अधिक पैसे मोजतो आणि पुराच्या वेळी तोच पुन्हा रिकाम्या हाताने उभा असतो.

नियम आले, पण कोणासाठी?

या परिस्थितीत केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रणाचा मार्ग धरला आहे. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी काढलेल्या फर्निचर गुणवत्ता नियंत्रण आदेशात कामाच्या खुर्च्या, सर्वसाधारण खुर्च्या व स्टुले, टेबले, साठवणीची कपाटे, पलंग आणि दुमजली पलंग अशा सहा प्रकारांसाठी भारतीय मानके बंधनकारक करण्याचे ठरले आणि अंमलासाठी १३ फेब्रुवारी २०२६ ही तारीख अधिसूचनेत दिली गेली. त्याआधी १४ मार्च २०२४ च्या आदेशाने स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांनाही मानकांच्या कक्षेत आणले गेले. खुर्ची किती भार पेलते, कपाट पुढे कलंडते का, याची चाचणी होऊन त्यावर आयएसआय चिन्ह येणार असेल, तर ग्राहकाला प्रथमच काहीतरी विश्वासार्ह खूण मिळेल.

तरीही दोन शंका उरतात. पहिली म्हणजे, मजबुतीची चाचणी उत्तीर्ण झालेली वस्तू दमट हवेत किंवा पुराच्या पाण्यात टिकेलच असे नाही. मानकाचे चिन्ह आणि आतील द्रव्याची माहिती या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी शंका छोट्या कारागिरांची आहे. चाचणी, परवाना आणि कागदपत्रे यांचा खर्च मोठ्या कारखान्याला पेलतो. गिऱ्हाइकाच्या घरी बसून पलंग घडवणाऱ्या सुताराची गणना अशा चौकटीत कशी करायची, याचे समाधानकारक उत्तर सापडले नाही, तर गुणवत्तेच्या नावाखाली सर्वाधिक दुरुस्तीयोग्य माल देणाराच बाजाराबाहेर जाईल.

करांच्या बाबतीतही चित्र संमिश्र आहे. २०१७ मध्ये फर्निचरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बांबू, वेत यांच्या फर्निचरवर आणि स्वयंपाकघरातील धातूच्या भांड्यांवर तो १२ वरून ५ टक्के झाला. हा दिलासा खरा आहे. पण सागाचा २५ वर्षे टिकणारा पलंग आणि चार पावसाळ्यांत कुजणारा बोर्डाचा पलंग यांच्यावर आजही सारखाच १८ टक्के कर लागतो. टिकाऊपणाला करव्यवस्थेत काही किंमत नाही.

युरोपीय संघाने या दिशेने वेगळे पाऊल टाकले आहे. जुलै २०२४ मध्ये अमलात आलेल्या शाश्वत उत्पादनांच्या नियमावलीनंतर एप्रिल २०२५ मध्ये जी कार्ययोजना ठरली, तीत फर्निचर आणि गाद्या यांना प्राधान्य आहे. वस्तू किती टिकते आणि तिची दुरुस्ती होते का, याला त्या नियमावलीत मध्यवर्ती स्थान आहे. भारतात २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली गेली, तेव्हा शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांची निवड झाली. फर्निचर त्या यादीत नव्हते.

गोव्याने काय घ्यावे

बडोद्याला हा प्रश्न पुराने दाखवला. गोव्यात तो दर पावसाळ्यात हळूहळू उभा राहतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या राज्यात भिंतीला टेकवलेल्या बोर्डाच्या कपाटाला बुरशी आणि फुगवटा यायला महापुराची गरज नसते. आणि महापूरही अपरिचित नाही. जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली परिसरातील घरांनी तो अनुभवला. दुसरीकडे, जुन्या गोमंतकीय घरांत आजोबा-पणजोबांच्या काळातील शिसवी, सागवानी आणि फणसाच्या लाकडाच्या वस्तू अजून वापरात आहेत. ते लाकूड परत सर्वांना परवडेल, असे नाही. पण टिकाऊपणामागचे तत्त्व परवडण्याजोगे आहे.

त्यासाठी काही गोष्टी राज्याच्या हातात आहेत. शाळा, अंगणवाड्या आणि सरकारी कार्यालयांसाठी होणाऱ्या खरेदीत सर्वांत कमी दराऐवजी आयुष्यमानावर काढलेला वार्षिक खर्च हा निकष ठेवता येईल. एवढ्या एका बदलाने स्थानिक सुतारांच्या मालाला मागणी निर्माण होईल. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन उभारून कारागिरीला तंत्रशिक्षणाची जोड दिली होती. त्याच धर्तीवर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सुतारकामाबरोबर फर्निचर दुरुस्तीचे शिक्षण देता येईल. आतील द्रव्य, प्लायवूडची जात आणि मानक क्रमांक बिलावर लिहिण्याची सक्ती व्हावी, ही मागणी केंद्राकडे लावून धरता येईल.

ग्राहकालाही थांबून राहण्याचे कारण नाही. बिलावर ‘लाकडी कपाट’ असे मोघम न लिहिता बोर्ड, एमडीएफ की प्लायवूड, कोणत्या मानकाचे, हे लिहून मागावे. लिहून द्यायला नकार मिळाला तर तेही एक उत्तरच आहे. ओट्याखाली, न्हाणीघराजवळ आणि तळमजल्यावर बोर्ड टाळून धातू, सागरी प्लायवूड किंवा घन लाकूड वापरावे, आणि बोर्ड वापरायचाच असेल तर त्याच्या सगळ्या कडा बंद करून तो जमिनीपासून उंच ठेवावा. लिहून दिलेले आणि प्रत्यक्षातले द्रव्य वेगळे निघाले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. १९१५ ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनी आहे. एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या भारत गृह रक्षा विम्यात पुराचा समावेश असून, घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सामानाला आपोआप संरक्षण मिळते. २,५०० रुपयांच्या सरकारी मदतीशी तुलना केली की त्याचे महत्त्व कळते.

बडोद्याच्या रस्त्यांवरचे ते ढीग महानगरपालिकेच्या गाड्यांनी उचलून नेले आणि बहुतेक कुटुंबांनी त्याच जातीच्या वस्तू पुन्हा घेतल्या असतील, कारण तेवढ्याच पैशांत बाजारात दुसरे काही मिळत नव्हते. बिलावरची एक प्रामाणिक ओळ आणि हाकेच्या अंतरावरचा सुतार या दोन गोष्टी मिळाल्या, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्यांच्यासमोर निदान निवड करण्याची संधी असेल.