प्रत्येक धाप तमकश्वास नव्हे

सोलापुरात विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या कामगारांची धाप ही आपणा वैद्यांच्या नित्य परिचयाची तक्रार. तंबाखूची वा सुताची धूळ हा हेतू समोरच दिसतो आणि तमकश्वासाचे निदान लेखणीतून सहज उतरते. ही सहजता माझ्या एका रुग्णेस महागात पडली. तिला मी पाच महिने श्वासहर कल्प देत राहिलो. प्रसूतीनंतर तिचा एक पाय सुजून दुखला होता, हे मी विचारलेच नव्हते. घुर्घुरध्वनी नव्हता, रात्री वेग येत नव्हते. जिना चढताना मात्र धाप आणि भोवळ येई. पुढे दोन्ही पायांवर शोथ आला, तेव्हा टू-डी इको केला. फुफ्फुसधमन्यांतील दाब फार वाढलेला होता.

पायाच्या सिरेत साखळलेले रक्त फुफ्फुसात जाऊन अडकते. बहुतेक रुग्णांत ते विरघळते. थोड्यांत मात्र तंतुमय होऊन धमनीस चिकटून राहते व उजवे हृदय थकत जाते. आपल्या परिभाषेत यास स्रोतसांचा ‘संग’ म्हणता येईल. प्राणवह स्रोतसांचे मूळ चरकाचार्यांनी हृदय व महास्रोतस सांगितले. श्वासरोग्याचे हृदय तपासण्यास आपणच विसरतो.

हा व्याधी विरळ खरा, परंतु शस्त्रक्रियेने ती अडलेली गुठळी काढता येते आणि योग्य रुग्ण बरा होऊ शकतो. म्हणूनच येथील विलंब अक्षम्य ठरतो. रक्त पातळ करणारे औषध तीन महिने नियमित घेऊनही धाप उरली, तर व्हेंटिलेशन-परफ्यूजन स्कॅनसाठी रुग्णास पाठवावे. शस्त्रक्रिया शक्य नसल्यास फुग्याने धमनी रुंद करणे व रिओसिग्वाट हे पर्याय आहेत. शस्त्रक्रियेनंतरही रक्त पातळ करणारे औषध आजन्म घ्यावे लागते.

येथे औषधविक्रेते बंधूंची जबाबदारी सुरू होते. वॉरफरीन घेणाऱ्यास गुग्गुळाचे वा लसणाचे कल्प न विचारता दिल्यास रक्तस्रावाचा धोका संभवतो. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास शरीरात पाणी साठते व पोटॅशियम घटते. सोमलतेने हृदयगती वाढते. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य आपल्या दुकानातून हद्दपार व्हावे.

पाय सुजला होता काय, भोवळ येते काय, कोणती औषधे चालू आहेत? हे तीन प्रश्न प्रत्येक श्वासरोग्यास विचारले जावेत. रुग्णास वेळीच पुढे पाठविणे हा वैद्याचा पराभव नव्हे. ते त्याचे कर्तव्यच होय.