दादांचे सफरचंद

श्रावण सरत आला की भिंगारच्या बाजारातील हातगाड्यांवरचा रंग पालटतो. शीतगृहातील जुनी फळे मागे पडतात आणि हिमाचलच्या रॉयल डेलिशसच्या पेट्या उतरू लागतात. पाठोपाठ काश्मीरचा माल येतो. सफरचंद आता बारमाही झाले असले, तरी खरा सुवास याच दोन-तीन महिन्यांत असतो, हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवले.

त्यांना आम्ही सारे दादा म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. छावणीच्या या गावात निवृत्त सैनिकांची वाण नाही, दादाही त्यांतलेच. तरुणपणी काश्मीरमध्ये नेमणूक असताना खाल्लेल्या अंबरीची आठवण ते आजही काढतात. अंबरी ही काश्मीरची स्वतःची जात. डेलिशस मात्र मूळची अमेरिकेची. सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास सिमल्याजवळच्या कोटगढला तिची रोपे लावली. हेच स्टोक्स पुढे सत्यानंद झाले. तरीही दादांच्या लेखी रॉयल ‘पाहुणीच’!

गेल्या वर्षी सौम्य पक्षाघातानंतर दादांना गिळणे जड जाऊ लागले. मी मात्र आजाऱ्याला सफरचंद द्यायचे, या रिवाजाने रोज कच्च्या फोडी पुढे ठेवत राहिले. एके दुपारी फोड घशात अडकली. खोकून ती बाहेर पडली खरी, पण त्या रात्री माझा डोळा लागला नाही. गिळण्याचा त्रास असलेल्यांना कच्च्या सफरचंदाचा कडक, निसरडा तुकडा धोक्याचा असतो, असे डॉक्टरांनी बजावले. मग मी रस सुरू केला, तर त्यानेही ठसका लागला. पातळ द्रव कित्येकदा दाट पदार्थापेक्षा अधिक सहज श्वासनलिकेकडे वळतो, हे तेव्हा कळले. शेवटी मी सफरचंदच घरातून हद्दपार केले.

गणपतीत कोणीतरी फळांची करंडी आणली. दादांनी त्यातले एक उचलले, देठाजवळ नाक नेले, बराच वेळ हुंगले आणि परत ठेवले. “खायचे नाही, सूनबाई, नुसता वास घेतोय,” असे ते म्हणाले. मला फार लाज वाटली. त्यांच्या घशाची काळजी घेताना मी त्यांचा हंगामच काढून घेतला होता.

डॉक्टरांना विचारून दुसऱ्याच दिवशी मोदकपात्र पुन्हा चुलीवर चढले. गोल्डन डेलिशस सर्वांत उपयोगी ठरले. साल आणि गाभा काढून, पातळ काप करून वाफवले की लवकर गळते आणि चमच्याने एकजीव होते. ताजे रॉयल थोडा अधिक वेळ घेते. चार दिवस घरात राहून ते पिठूळ झाले की मुले नाक मुरडतात. मला मात्र वाफवायला तेच सोयीचे पडते. हिरवे ग्रॅनी स्मिथ आंबट, त्यात गूळ घालावासा वाटतो, म्हणून मधुमेही दादांसाठी मी ते वगळले. मध्यम, सुमारे १८० ग्रॅमच्या फळात साधारण २५ ग्रॅम कर्बोदके असतात, तेव्हा वाफवले म्हणून मोकळीक नाही, अर्ध्यावर भागवावे. वर दालचिनीची चिमूट पुरते. भरवताना पाठ ताठ, चमचा लहान, आणि आधीचा घास गिळल्यावाचून पुढचा नाही. नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. आपल्या माणसाला किती दाट अन्न चालेल, हे मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

आश्विनात शेजारचा जवान सुट्टीवर आला, तो जम्मूहून चार अंबरी घेऊन. आपल्याकडे ती क्वचितच पोहोचते. सोलताना तिचा सुगंध ओट्यापर्यंत न थांबता दादांच्या खोलीत गेला असावा, कारण मी वाटी घेऊन गेले तेव्हा ते आधीच उठून बसले होते. तीन चमचे खाल्ले, चौथ्याला नको म्हणाले. उरलेल्या तिघांतले एक त्यांनी उशाशी मागून घेतले. ही जात पुष्कळ दिवस टिकते. दिवाळी होऊन गेली, तरी ते फळ तिथेच आहे.